एकाचे दोन, दोनाचे तेवीस

आनंदी मॅडम मला "तुम्हाला काय कळतं त्यातलं" असं म्हणाल्या असत्या, तर मी पैज लावली नसती. त्या नुसत्या हसल्या. शिवी दिली तर माणूस चहा पाजून मिटवून टाकतो, पण बेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीसमोर कोणी आपल्याकडे बघून बारीकसं हसलं की ते मिटवायला काही सोय नाही.

जुलैतला रविवार होता. आमच्या वारज्याच्या सोसायटीची सभा पार्किंगमध्ये चालू होती, आणि चेअरमन श्यामसुंदरराव विषय क्रमांक चारवर आले होते. विषय क्रमांक चार म्हणजे इमारतीमागचा गांडूळखताचा खड्डा. श्यामसुंदरराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते 'पाऊस पडतोय' असं म्हणत नाहीत, 'पावसाबाबत निदर्शनास आले आहे' असं म्हणतात.

"गुरुवारी सकाळी मी स्नान करत असताना," ते म्हणाले, "मोरीच्या जाळीतून एक गांडूळ वर आलं आणि माझ्याकडे बघत राहिलं."

"गांडुळाला डोळे नसतात," मॅडम म्हणाल्या. आनंदी मॅडम चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून आता पहिल्या मजल्यावर राहतात. गुडघा दुखतो म्हणून सभेला स्वतःची खुर्ची आणि क्रेप बँडेज बांधलेला पाय घेऊन येतात.

"ठीक आहे. तोंड माझ्याकडे होतं."

"ते तोंडच होतं हे कशावरून ओळखलंत?"

श्यामसुंदरराव पाणी प्यायले आणि मुद्द्यावर आले. मुद्दा असा की खड्ड्यात सोसायटीची साफसफाई करणारी बायडाबाई रोज फावडं मारते. फावड्यानं गांडूळ कापलं जातं. कापलं की एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि या हिशेबानं दिवाळीपर्यंत ती चौथ्या मजल्यावर पोचतील. म्हणून खड्डा बुजवावा आणि तिथं चार दुचाकींची जागा करावी. त्या चारातली एक त्यांच्या जावयाची असणार होती, पण तो विषय क्रमांक पाच होता.

आता मी. माझं नाव अभय, वय बावन्न, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सोसायटीच्या पाण्याच्या पंपांचा मी धन्वंतरी. आणि एक खोड आहे. कुठं धूर दिसला की मी फुंकर घालतो. जाळायचं नसतं काही, पण ज्वाला कशी दिसते ते बघायला आवडतं. मागं लिफ्टमध्ये 'आतमध्ये मोठ्यानं विचार करू नये' अशी पाटी मी लावली होती, आणि आठवडाभर लोक खरंच गप्प उभे राहात होते.

म्हणून मी उठून म्हणालो, "श्यामसुंदरराव बरोबर बोलतायत. मी लहानपणी स्वतः कापलेली आहेत. एक तुकडा पूर्वेला गेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या दिवशी दोघांची लग्नं झाली होती."

लोक हसले. मॅडमही हसल्या, पण तसं. बारीक.

"अभयराव, गांडुळाच्या गळ्याजवळ फिकट पट्टा असतो, त्याच्या बरंच मागं कापलं तर पुढचा भाग कधीमधी जगतो, शेपूट परत फुटतं. मागचा तुकडा मरतो. एकाचा एकच राहतो, तोही नशीब असेल तर. नाहीतर शून्य."

"आणि दोन झाले तर?"

"तर गणपतीत मी स्टेजवर उभी राहून माइकवरून तीनदा म्हणेन की अभयराव माझ्यापेक्षा हुशार आहेत."

"आणि नाही झाले तर?"

मॅडमनी थोडा विचार केला. चौतीस वर्षं मुलांना शिक्षा देऊन त्या बाबतीत माणूस मुरतो. "तर लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धेत तुम्ही गांडूळ व्हायचं. सरपटत जायचं, स्टेजपासून खड्ड्यापर्यंत. आणि माइकवरून माहिती सांगायची. बरोबर माहिती."

टाळ्या पडल्या. मी हात पुढं केला. आयटीतला प्रज्ञेश, तिसऱ्या मजल्यावरचा, त्यानं तिथल्या तिथं व्हॉट्सअॅपवर पोल टाकला. एकोणतीस मतं दोन होतात, चार मतं नाही, आणि एक मत 'लिफ्टचं काय झालं'.

श्यामसुंदरराव मात्र कागदाशिवाय टाळी वाजवत नाहीत. त्यांनी पैज ठरावात घातली. सूचक, अनुमोदक, सगळं. आणि शेवटी एक ओळ: "सदर पैजेचा निकाल हाच खड्ड्याबाबतचा निकाल समजण्यात यावा." त्या ओळीकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. माझं तर नव्हतंच. मी तेव्हा माइकवरून तीनदा माझं नाव ऐकत होतो.

मागं झाडू घेऊन उभी असलेली बायडाबाई तेवढी म्हणाली, "कापनार कोन?"

हा प्रश्न निघाला आणि सभा थंड झाली. चातुर्मास सुरू होत होता. एकाचे सोमवार होते, एकीचं एकादष्णीचं काहीतरी होतं, प्रज्ञेशला रक्त बघवत नाही, आणि गांडुळाला रक्त असतं का यावर पाव तास गेला. असतं, लाल असतं, मॅडम म्हणाल्या, आणि ते फिरवायला हृदयांच्या पाच जोड्या असतात. हे ऐकल्यावर जे दोघं तयार होते तेही खाली बसले.

"मॅडम, तुम्हीच कापा," कोणीतरी म्हणालं. "तुम्हाला सवय आहे."

"मी चौतीस वर्षांत पुरेशी कापली आहेत. आता ज्याला सिद्ध करायचंय त्यानं कापावं."

प्रज्ञेश म्हणाला व्हिडिओ काढा. श्यामसुंदरराव म्हणाले ग्रुपवर शाकाहारी सभासद आहेत. शेवटी दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. विषय: गांडूळ विच्छेदन. पैज लावणाऱ्या सभासदानं हे कृत्य आपल्या खाजगी जागेत, आपल्या जबाबदारीवर आणि अन्य सभासदांना दुर्गंधी न पोचवता करावं. नंतर दोन्ही तुकडे बरणीत मातीसह ठेवून बरणी सोसायटीच्या ऑफिसात जमा करावी. झाकणावर सह्यांची पट्टी लागेल. दर शनिवारी बायडाबाई चेअरमनसमक्ष खाणंपाणी घालेल. बरणी गणपतीत उघडली जाईल.

बायडाबाईनं मला खड्ड्यातून एक गांडूळ काढून दिलं. कॉफीच्या रिकाम्या बरणीत माती, शेण, थोडी पालकाची देठं घातली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. "लई दांडगं हाय," ती म्हणाली. "सांभाळून."

कापायला देऊन सांभाळून म्हणते. मी तिकडं दुर्लक्ष केलं.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी बाल्कनीत बसलो. समोर पाट, पाटावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर गांडूळ, हातात दाढीचं नवं ब्लेड. पूर्णिमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, किचनमधल्या सुऱ्या आधीच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

मला वाटलं होतं दोन सेकंदांचं काम आहे. पण ते गांडूळ राशिभविष्यावरून सरकत स्थानिक बातम्यांकडं निघालं. एक टोक लांब करायचं, चाचपायचं, मग बाकीचं अंग मागून ओढून घ्यायचं. आमचे वडील शेवटी शेवटी असेच अंधारात भिंत चाचपत बाथरूमला जायचे. मी ब्लेड खाली नेलं की ते टोक वर उचलून हवेत हलवायचं. डोळे नाहीत हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं की ते विचारतंय, काय हो, इकडून रस्ता आहे का?

मी ब्लेड ठेवलं. चहा घेतला. परत उचललं. पाच जोड्या हृदयं कुठं असतील याचा अंदाज घेतला, म्हणजे ती वाचवून कापता येईल. मग लक्षात आलं की कुठलं टोक पुढचं तेच मला कळत नाहीये.

पूर्णिमा दारात उभी होती. "झालं?"

"बघतोय."

"अर्धा तास बघताय. त्याला घाम फुटला असेल." मग थोडं थांबून, "नाव अभय," आणि आत गेली.

आता माझी अडचण समजून घ्या. मी सगळ्यांसमोर सांगितलेलं की लहानपणी कापलेली आहेत. लहानपणी मी फक्त पतंग कापलेत, तेही दुसऱ्यानं ढील दिल्यावर. आता जाऊन "जमलं नाही" सांगायचं तर नोटीस बोर्डावर त्याचंही परिपत्रक लागलं असतं. म्हणून मी खोडकर माणसानं करायचं तेच केलं. खड्ड्यावर गेलो, कोणी नाही बघून आणखी एक गांडूळ उचललं, बरणीत सोडलं, झाकण लावलं. एकाचे दोन. कोणी मेलं नाही, कोणाला वेदना नाहीत, विज्ञान पुढं गेलं. संध्याकाळी बरणी ऑफिसात जमा केली. श्यामसुंदररावांनी विचारलं, "विच्छेदन व्यवस्थित पार पडलं?" मी डोळे मिटून मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे काही आठवडे मी सोसायटीत असा फिरलो जसं काही विज्ञान मीच पाळलंय. सल्ले फुकट मिळत होते. तळमजल्यावरच्या एकानं सांगितलं की तुकड्यांना हळद लावायला हवी होती. एक काकू म्हणाल्या मीठ टाकू नका हं, आणि प्रज्ञेशनं बरणीसाठी तापमानाचं अॅप सुचवलं. ऑफिसच्या कपाटात बरणीशेजारी एक झुरळ राहायचं. श्यामसुंदररावांनी त्याला चपलेनं मारलं, तर ते डोकं चेपलेल्या अवस्थेत फायलींमागं निघून गेलं. त्यांनी मॅडमना विचारलं हे कसं.

"झुरळ नाकानं श्वास घेत नाही, अंगावरच्या भोकांनी घेतं. डोकं नसलं तरी काही दिवस काढतं," मॅडम म्हणाल्या. "आपल्या कमिटीला तर तीन वर्षं झाली."

तर असं मजेत चाललं होतं. मग एका शनिवारी मी पंपरूममध्ये मोटरचं सील बदलत होतो. पंपरूम ऑफिसला लागून आहे. बायडाबाई बरणीला खाणं घालून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"सायेब, तुम्ही कापलंच न्हाय ना?"

माझ्या हातातला पाना निसटला. "काय कापलं नाही?"

"गांडूळ. मी दर शनवारी बघती. दोनी अख्खी हायती. दोनींच्या गळ्याला पट्टा. माझ्याच खड्ड्यातली पोरं, मला वळखू येनार न्हाय व्हय?"

मी पाना शोधायच्या निमित्तानं मोटरमागं वाकलो. मोटर मदतीला आली नाही.

"चेअरमनला सांगितलंस?"

"मी कशापायी सांगू. तुम्ही जीव मारला न्हाय. ज्यानं जीव मारला न्हाय त्याचं नाव मी का घालवू?" ती झाडू टेकवून उभी राहिली. "खड्डा गेला तर गेला."

"खड्डा कुठं जातोय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मॅडम बघतात, फक्त हसली नाही. "तुम्ही जिकलात तर बुजवनार हायती न्हवं? तुमीच हात वर केलाता ठरावाला."

मला तेव्हा ती ओळ आठवली. सदर पैजेचा निकाल.

"आठ वरसं झाली," बायडाबाई म्हणाली. "हितं मला समदी ए झाडूवाली म्हनत्यात. पर खड्ड्यापाशी आली की इचारत्यात, बायडाबाई, गुलाबाला किती घालू. बायडाबाई, पानं पिवळी का पडली. त्या मॅडम तर मला खुर्ची देत्यात. तेवढंच." आणि बादली उचलून निघून गेली.

मी उरलेलं सील बसवलं, एकदा उलटं, एकदा सुलटं. जिंकायला निघालेल्या माणसाला आपण जिंकणार हे कळून हरावंसं वाटायचा प्रसंग सहसा येत नाही.

घरी पूर्णिमाला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. "मग सांगून टाका खरं."

"काय सांगू? की मी सगळ्या सोसायटीला फसवलं, कारण मला गांडूळ कापवलं नाही?"

"हो. वाक्य चांगलंय. तेच सांगा."

पण खोडकर माणूस सरळ रस्त्यानं गेला तर त्याला रस्ता ओळखत नाही. मी ठरवलं, गुपचूप हरायचं. बरणीतून एक गांडूळ काढून घ्यायचं. एकाचं एकच राहील, मॅडम जिंकतील, खड्डा राहील, आणि मी दिलदारपणे पराभव स्वीकारेन. गांडुळाचा पोशाख नशिबात होताच, पण निदान खोटारड्या गांडुळाचा नव्हता.

पुढच्या शनिवारी मी ऑफिसात हजर. "बायडाबाईला आज मी मदत करतो. शेवटी जबाबदारी माझी आहे," मी म्हणालो. श्यामसुंदरराव गहिवरले. पट्टी काढली, झाकण उघडलं, ते रजिस्टरमध्ये नोंद करायला खाली वाकले, तेवढ्यात मी दोन बोटं मातीत घातली. बोटाला काहीतरी लागलं. ओढलं, तर मातीचा गोळा आला, आणि त्यात मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर दाणे. लिंबाच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते. आणि दाण्यांच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. मी एक दोरा चिमटीत धरला. तो हलला.

मी माती परत टाकली. बायडाबाई माझ्याकडं न बघता पालकाची देठं मोडत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

मी थेट आनंदी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं आणि वेळ बघितली. एक ते चार त्यांच्याकडं बेल वाजवत नाहीत. चारला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी मला पाच मिनिटं बाहेर उभं केलं आणि मग आत घेतलं.

"मॅडम, गांडूळ अंडी घालतं का? असंच विचारतोय. सामान्य ज्ञान."

"तुमच्या तोंडी पहिल्यांदाच ऐकला हा शब्द." पण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. निवृत्त शिक्षकाला प्रश्न विचारणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली देण्यासारखं आहे. "बसा. गांडूळ नरही असतं आणि मादीही. एकाच अंगात दोन्ही. तरी बहुतेक एकट्याचं भागत नाही. दुसरं भेटावं लागतं. दोघं उलटसुलट चिकटून पडतात, एकमेकांना देणंघेणं करतात आणि आपापल्या वाटेनं जातात. मग त्या गळ्याजवळच्या पट्ट्यातून एक चिकट नळी सुटते. स्वेटर डोक्यावरून काढतो ना आपण, तशी ते ती पुढं ढकलत काढतं. वाटेत त्यात अंडी पडतात. नळी डोक्यावरून सुटली की दोन्ही टोकं मिटतात. झाली पिशवी. लिंबाएवढी नव्हे, लिंबासारखी. तीन-चार आठवड्यांनी एकेका पिशवीतून दोन-तीन पिल्लं."

"दोघांना होतात? म्हणजे दोघंही बाळंतीण?"

"दोघंही. कुणी कुणाला 'तू घरीच तर असतेस' म्हणत नाही."

"आणि तो पट्टा... कापलेल्या शेपटीला येतो का?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुठं पाहिल्यात हो तुम्ही या पिशव्या?"

"खड्ड्यात."

"बरं," मॅडम म्हणाल्या. आणि हसल्या. बारीक. पण या वेळी चहा टाकला.

मी घरी येऊन हिशेब केला. बरणीत दोन होती, ती आता किती झाली असतील देव जाणे, आणि एक काढून काही उपयोग नव्हता. मी एक काढेपर्यंत ती सहा घालत होती. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी बिघडवल्या, पण माझी लबाडी स्वतःहून बाळंत होईल असं वाटलं नव्हतं.

गणपती बसले. शनिवारी संध्याकाळच्या आरतीनंतर बरणी उघडायचं ठरलं होतं. मांडवात एवढी गर्दी आरतीलाही नव्हती. टेबलावर पांढरा कागद अंथरलेली स्टीलची परात. श्यामसुंदररावांनी पट्टीवरच्या सह्या मोठ्यानं वाचल्या, स्वतःची दोनदा. मग बरणी उपडी केली. आनंदी मॅडम भिंग घेऊन पुढं झाल्या, चिमट्यानं एकेक बाजूला काढायला लागल्या. प्रज्ञेश माइकवर मोजत होता, आणि त्याचा आवाज दर आकड्याला चढत होता.

तेवीस. दोन मोठी, एकवीस दोऱ्यासारखी.

मांडवात गलका झाला. श्यामसुंदररावांचा चेहरा त्यांच्या निवृत्तीच्या फोटोतल्यासारखा झाला. "सभासदहो, मी दोनच म्हणालो होतो. तेवीस निघाली. ही दोन महिन्यांतली गती आहे. खड्ड्यात काय चाललं असेल याची कल्पना करा. सोमवारी माती भरून घेऊ." टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. माइक मॅडमसमोर आला, तीनदा म्हणण्यासाठी.

मॅडमनी माइक घेतला नाही. त्या परातीतल्या दोन मोठ्यांकडं बघत होत्या. एकाला चिमट्यानं हळूच वळवलं, मग दुसऱ्याला. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांना बहुतेक चहाच्या दिवशीच कळलं होतं.

"अभयराव," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

मागं खांबाला टेकून बायडाबाई उभी होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. ती माझ्याकडं बघतही नव्हती. ती परातीकडं बघत होती, माती वाळतीये का ते.

मी माइक घेतला. आजवर त्या माइकवरून मी नकला केल्यात, खोटी लकी ड्रॉची बक्षिसं जाहीर केलीत, एकदा श्यामसुंदररावांच्या आवाजात पाणीकपात सांगितली. पहिल्यांदाच काहीतरी खरं सांगायचं होतं.

"मी गांडूळ कापलंच नाही," मी म्हणालो. "मला कापवलं नाही. अर्धा तास ब्लेड घेऊन बसलो होतो. मग खड्ड्यातून दुसरं आणून टाकलं. ही दोघं अख्खी आहेत, दोघांनाही पट्टा आहे. बाकीची एकवीस त्यांची मुलं आहेत. लग्न मी लावलं, एवढंच. लहानपणीही मी एकही कापलेलं नाही. मी हरलो."

मग पहिल्या रांगेतून पूर्णिमाचा आवाज आला, "वाक्य चांगलं होतं."

आणि मांडव असा हसला की गणपतीच्या मागची झालर हलली. हसू मला लागलं, नाही असं नाही. पण त्या हसण्याला धार नव्हती. श्यामसुंदररावांनी ठराव काढला, शोधला, वर-खाली वाचला. "पण मुळात कापण्याचा प्रयोगच झालेला नसल्यामुळे निकाल..."

"चेअरमन," मॅडम म्हणाल्या, "ठरावात लिहिलंय की दोन झाले तर खड्डा बंद. एका गांडुळाचे दोन झाले का?"

"नाही, पण..."

"पैज लावणारा हरलो म्हणतोय का?"

"म्हणतोय, पण..."

"मग लिहा. निदर्शनास आले."

श्यामसुंदररावांनी पेन काढलं. समोर कागद आणि हातात पेन असलं की त्यांच्याच्यानं न लिहिणं होत नाही. बायडाबाईनं तेवढ्यात परात उचलली, पदरानं झाकली आणि तेवीसच्या तेवीस घेऊन मागं गेली.

पोशाखाला एकच रात्र होती. पूर्णिमानं गादीची जुनी गुलाबी खोळ काढली, हातांसाठी जागाच ठेवली नाही आणि अंतराअंतरावर इलॅस्टिक ओवून वळ्या पाडल्या. मला विचारलं किती वळ्या. मी म्हणालो शंभराच्या वर असतात. ती म्हणाली, बाराच मिळतील. सकाळी मॅडम घरी आल्या तपासायला. पट्टा कमरेवर होता.

"पट्टा डोक्याजवळ. कमरेला लावलात तर गांडूळ नाही, हवालदार." मग त्यांनी वाकून आपल्या गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडलं आणि माझ्या छातीभोवती गुंडाळलं. फिक्या रंगाचं, अगदी तसंच. "परत करा. धुऊन."

स्पर्धेत माझ्या आधी एक परी, दोन शेतकरी आणि एक मोबाइल टॉवर होता. माझा क्रमांक नऊ. मला दोघांनी आडवा उचलून स्टेजवर ठेवला. माइक तोंडाशी धरला.

"मी गांडूळ," मी म्हणालो. "मला डोळे नाहीत, कान नाहीत, दात नाहीत. मी कातडीनं श्वास घेतो. मला हृदयाच्या पाच जोड्या आहेत. मला कणा नाही."

"ते माहितीये," पूर्णिमा म्हणाली.

"मला कापलं तर माझे दोन होत नाहीत. मी बहुतेक मरतोच. म्हणून फावडं जपून मारावं. बायडाबाई जपूनच मारते."

मग खाली उतरलो आणि सरपटायला लागलो. मांडवापासून खड्डा किती लांब आहे हे आठ वर्षं तिथं राहून मला माहीत नव्हतं. चालताना पन्नास पावलं आहेत. हात नसलेल्या माणसाला ते पुणे ते सासवड आहे. सकाळचं ऊन फरशीवर तापलं होतं. खोळ अंगाला चिकटली. मी टोक लांब करत होतो, चाचपत होतो, मग बाकीचं अंग ओढून घेत होतो. बाजूनं मुलं ओरडत होती, डावीकडे काका, डावीकडे. श्यामसुंदरराव रजिस्टर घेऊन शेजारून चालत होते, अंतराची नोंद करत. पार्किंगच्या वळणावर माझा दम संपला. मी तिथंच गुलाबी पडून राहिलो.

डोक्यावर गार पाणी पडलं.

बायडाबाई झारी घेऊन उभी होती. "वाळलं की जातं हे," ती लोकांना म्हणाली. "पानी मारावं लागतं." आणि बोलत बोलत तिनं मला डोक्यापासून टोकापर्यंत नीट, सारखं भिजवलं, गुलाबाला घालतात तसं. मग माझ्या बाजूनं हळू चालत, झारी शिंपडत मला खड्ड्यापर्यंत नेलं. मागून आनंदी मॅडम बिनपट्टीच्या गुडघ्यानं लंगडत येत होत्या. परीक्षक त्याच होत्या. पोचल्यावर त्यांनी निकाल सांगितला. "शरीररचना बरोबर. माहिती बरोबर. उत्तेजनार्थ." पहिला मोबाइल टॉवर आला.

मी खड्ड्याच्या कठड्याला टेकून पडलो होतो. लोक फोटो काढत होते. बायडाबाईनं खड्ड्यावरचं ओलं गोणपाट उचललं, झटकलं आणि माझ्यावर पांघरलं.

"चला, व्हा बाजूला," ती सगळ्यांना म्हणाली. "नवीन हाय. दोन दिवस अंधारात गप पडू द्या त्याला."